गोठलेलं बी आणि त्याचं झाड

माझ्या आत्याच्या मांडवावर दर पावसाळ्यात एकच तवसं चढायचं. हातभर लांब, फिकट पिवळं; धोंडसाला याच्या तोडीचं दुसरं नाही असं तिचं ठाम मत. बी ती कधी विकत आणत नसे. एक फळ वेलावरच पिकू द्यायचं, बिया धुऊन राखेत चोळायच्या, शेणाच्या पातळ थापीत दाबून ती थापी चुलीजवळच्या भिंतीला चिकटवायची. मग पुढच्या मिरगापर्यंत काळजी नाही. काही वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले, परसात उतरणं थांबलं, तेव्हा शेवटच्या फळाच्या बिया तिनं माझ्या हवाली केल्या. "तुझं ते बियांचं वाचन चाललेलंच असतं, आता हे सांभाळ," म्हणाली. मी त्या सुमारास बीजपेढ्यांविषयी खरोखरच बरंच वाचत होतो. उत्तर ध्रुवाजवळच्या बेटावर बी शेकडो वर्षं टिकवायचा बेत जगानं केला आहे, मग घरच्या फ्रीझरमध्ये दहा वर्षं टिकायला काय हरकत? भाद्रपद संपत आला होता, पाऊस संपला नव्हता. बिया दोन दिवस पंख्याखाली ठेवल्या, हाताला कोरड्या लागल्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाकल्या. पुढच्या जूनमध्ये त्यातली एकही उगवली नाही.

हा लेख त्या पिशवीतून निघाला आहे. पुढे एका बीजमहोत्सवात मी हा किस्सा सांगितला तेव्हा घाटावरच्या एका आजींनी वेगळाच प्रश्न विचारला. "भाऊ, तुमचं बी मेलं ते मेलं. पण जे मरत नाही, त्याचं झाड तसंच येतं का? बर्फात राहिलेलं बी गारठून जात नाही? त्याची चव तीच राहते का?" मी त्यांना काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. त्यानंतर या प्रश्नामागे लागलो, आणि लक्षात आलं की त्याची उत्तरं एकाहून अधिक आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो.

आधी माझ्या मेलेल्या बियांचं. कोथिंबिरीची जुडी फ्रीझरमध्ये ठेवून बाहेर काढली की तिचा लगदा होतो, हे प्रत्येक घरात कुणी ना कुणी करून पाहिलेलं असतं. पेशींमधल्या पाण्याचा बर्फ होतो, त्याचे स्फटिक वाढतात आणि पेशींची आवरणं फाटतात. नुकतंच फळातून काढलेलं बी या बाबतीत कोथिंबिरीपेक्षा फार वेगळं नसतं. वरून ते कोरडं दिसतं, पण आतल्या गर्भात गोठू शकेल इतकं पाणी असतं. माझ्या बिया थंडीनं मेल्या असं मी बरेच दिवस म्हणत होतो. खरं म्हणजे त्या ओलीनं मेल्या. थंडीनं फक्त ती ओल सुरीसारखी धारदार केली.

नीट वाळलेल्या बियांत मात्र वेगळीच गोष्ट घडते. झाडावर पिकत असतानाच बी स्वतःच्या वाळण्याची तयारी करतं. पेशींमध्ये सुक्रोज, रॅफिनोज यांसारख्या साखरा साठतात आणि पाणी गेल्यावर पेशींची घडी विस्कटू नये म्हणून खास प्रथिनं तयार होतात. पाणी कमी होत गेलं की हा सगळा ऐवज घट्ट होत होत शेवटी काच बनतो. इथे काच हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही, शास्त्रज्ञही तोच वापरतात. चिक्कीचा पाक थंड झाला की त्यात स्फटिक दिसत नाहीत, पण तो कडक आणि ठिसूळ होतो. ती साखरेची काच. वाळलेल्या बियांच्या पेशीत अशीच काच असते आणि तिच्यात रेणू जागच्या जागी अडकून पडतात. उरलेलं थोडं पाणी साखरा आणि प्रथिनांना इतकं चिकटलेलं असतं, की तापमान कितीही उतरलं तरी त्याचा बर्फ होत नाही. अशा बियाला फ्रीझरमध्ये फाटण्यासारखं काही उरतच नाही.

म्हणून या विषयात थंडीचा क्रमांक दुसरा आणि कोरडेपणाचा पहिला. अमेरिकन बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी गेल्या शतकात दोन ढोबळ आडाखे सांगितले. बियातली ओल एक टक्क्यानं कमी केली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. ओल ५ ते १४ टक्के आणि तापमान शून्याच्या वर असेल तेवढ्यापुरतेच हे आडाखे खरे मानायचे, पण हिशेब करून पाहण्यासारखा आहे. बारा टक्के ओलीचं बी सहा टक्क्यांवर आणलं, तर सहा वेळा दुप्पट, म्हणजे आयुष्य चौसष्टपट. तेच बी न वाळवता तीस अंशांच्या खोलीतून काढून पाच अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवलं, तर पाच वेळा दुप्पट, म्हणजे बत्तीसपट. वाळवायला वीज लागत नाही. आत्याची राख, शेण आणि चुलीची धग या हिशेबाच्या पहिल्या अर्ध्या भागावर चालत होती. मी तो अर्धा भाग गाळून दुसऱ्याकडे उडी मारली होती.

मोठ्या जनुकपेढ्या दोन्ही भाग क्रमानं करतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मानकांप्रमाणे बी आधी ५ ते २० अंश तापमानाच्या आणि १० ते २५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खोलीत वाळवायचं, मग हवाबंद पाकिटात घालून उणे १८ अंशांच्या आसपास ठेवायचं. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत चार लाखांहून अधिक नमुने याच तापमानाला आहेत. लडाखमध्ये चांग ला खिंडीजवळ २०१० पासून एक बीजकोठार आहे. तिथली नैसर्गिक थंडी हाताशी धरून ते उभारलं आहे. (मराठी माणसाला या खिंडीचं नाव एकदा ऐकलं की विसरणं कठीण.) आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं कोठार. २६ फेब्रुवारी २००८ रोजी ते उघडलं. तिथे गोठलेल्या डोंगराच्या पोटात जगभरच्या पेढ्यांचे जादा नमुने ठेवलेले आहेत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनं पाठवलेले ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमुगाचे नमुनेही त्यात आहेत.

अशा बियाची शेतं उगवतात का, या शंकेला स्वालबार्डमधूनच उत्तर मिळालं, आणि ते युद्धामुळे. कोरडवाहू पिकांवर काम करणारी इकार्डा ही संस्था सीरियात अलेप्पोजवळ तेल हादिया इथे होती. गहू, जव, मसूर, हरभरा, लाख या पिकांचे पश्चिम आशियातले जुने वाण तिच्याकडे होते. यादवी युद्धात तिथलं काम अशक्य झालं. संस्थेनं आपल्या संग्रहाच्या प्रती आधीच स्वालबार्डला पाठवल्या होत्या. २०१५ मध्ये तिनं त्या परत मागवल्या. कोठारातून कुणी काही काढण्याची ती पहिलीच वेळ. सुमारे ३८ हजार नमुने निघाले. लेबनॉनच्या बेका खोऱ्यात आणि मोरोक्कोत ते पेरले गेले, पिकले, आणि २०१७ मध्ये नव्या बियांचा पहिला हप्ता पुन्हा स्वालबार्डला पोचला. जवाचा जव आला आणि मसुरीची मसूर. आजींच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर एवढ्यानं मिळतं.

सगळ्याच बियांना मात्र ही सोय नाही. १९७३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी बियांचे दोन गट पाडले. वाळवणं आणि थंडी सोसणारी ती 'ऑर्थोडॉक्स', म्हणजे शब्दशः सनातनी. आणि न सोसणारी ती 'रिकॅल्सिट्रंट', म्हणजे हट्टी. धान्यं, कडधान्यं, बहुतेक भाज्या पहिल्या गटात. आंबा, फणस, नारळ, कोको दुसऱ्या. फणसाची आठळी वाळली की मेली, आणि ओली गोठवली तरी मेली. कोकणात आठळीपासून वाढलेली फणसाची झाडं आहेत, कापा आणि बरका, आणि त्या दोहोंतही झाडागणिक वेगळी गोडी. ती विविधता पाकिटात घालून कुठल्याही कोठारात ठेवता येत नाही. आठळीतला नुसता अंकुराचा कोंब काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना गोठवण्याचे प्रयोग दिल्लीत झाले आहेत, पण ते प्रयोगशाळेचं काम. बाकी फणस टिकतो तो झाड तोडलं नाही तरच.

या दोन गटांच्या मध्ये काही बिया आहेत. कॉफी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. पण मला सर्वांत आवडलेली कथा क्युफिया नावाच्या अमेरिकी रानरोपाची आहे. त्याच्या काही जातींचं बी वाळवणं सोसायचं, मात्र उणे १८ अंशांना ठेवून पेरलं की मरायचं. ओल कमी असल्यानं बर्फाचा प्रश्न नव्हता. मग काय? अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधकांनी २००३ मध्ये उत्तर छापलं, आणि ते समजायला मराठी घरातली खोबरेल तेलाची बाटली पुरे. थंडी पडू लागली की बाटलीतलं तेल थिजतं. खोबरेलात लॉरिक आम्लाचा वाटा मोठा, म्हणून ते इतर तेलांच्या आधी थिजतं. क्युफियाच्या ज्या जातींत लॉरिकसारख्या आम्लांचं तेल होतं, त्यांच्या पेशींमधलं तेल थंडीत असंच थिजत होतं. नुसतं थिजण्यानं बी मरत नव्हतं. तेल थिजलेलं असतानाच बियानं पाणी प्यायलं की पेशींची मोडतोड होत होती. अभ्यंगाच्या पहाटे आपण बाटली गरम पाण्यात धरतो. संशोधकांनीही नेमकं तेच केलं. पेरण्याआधी बी थोडा वेळ ४५ अंशांना ऊब देऊन तेल वितळवलं, आणि मेलं असं वाटणारं बी उगवलं. किती जातींचं बी गोठवून मरतं म्हणून आजवर नोंदलं गेलं असेल आणि प्रत्यक्षात फक्त पेरण्याची रीत चुकली असेल, असा विचार त्यानंतर माझ्या डोक्यातून जात नाही.

कडधान्यांच्या बाबतीत तर हे सरळ घडतं. फार वाळवलेले वाल किंवा सोयाबीन फ्रीझरमधून काढून थेट पाण्यात टाकलं, तर ते इतक्या झपाट्यानं पाणी ओढतं की आतल्या डाळी तडकतात, पेशींमधला ऐवज बाहेर झिरपतो आणि रोप दुबळं, वाकडं येतं. 'गोठवलेल्या बियाचं झाड कमजोर' ही समजूत बहुधा अशाच रोपांवरून पसरली असावी. बी एक-दोन दिवस दमट हवेत उघडं ठेवून मग पेरलं, की हा दोष बराच टळतो.

आता झाडाच्या स्वभावाचं. थंडीमुळे झाडाचं वागणं बदलतं हे खोटं नाही, पण ते कोणत्या बियात, हे पाहावं लागतं. हिवाळी गव्हाचं बी भिजवून, नुकतं हालचाल करू लागलं असताना काही आठवडे थंडीत ठेवलं, तर तो गहू वसंतात पेरूनही वेळेवर ओंब्या धरतो. सोव्हिएत रशियात लिसेन्कोनं १९२० च्या दशकाच्या अखेरीस याचा मोठा गाजावाजा केला, आणि थंडीनं लागलेली ही सवय पुढच्या पिढीला वारशानं मिळते असा दावा जोडला. दावा चुकीचा होता आणि त्याची किंमत तिथल्या शेतीनं आणि शास्त्रज्ञांनी मोजली. पण भिजलेल्या बियावर थंडीचा परिणाम होतो, हा भाग खरा. सफरचंदासारख्या झाडांच्या बियांना तर उगवण्याआधी ओलसर थंडी लागतेच. या सगळ्याला बी जागं असावं लागतं. काचेत बंद झालेलं कोरडं बी थंडीची नोंद घेत नाही. ते गारठतही नाही आणि शिकतही नाही. उणे १८ अंशांतून आलेल्या कोरड्या गव्हाला आणि कणगीतल्या गव्हाला, दोन्ही जिवंत असतील तर, फुलायची घाई सारखीच.

इथे मला थांबता आलं असतं, पण आजींचा चवीचा प्रश्न शिल्लक होता, आणि त्याचं उत्तर इतकं निर्धोक नाही.

काचेतही म्हातारपण येतं, फक्त फार सावकाश. पेशींची आवरणं खराब होतात, गुणसूत्रांत तुटी साठत जातात. जिवंत झाडात अशा तुटी लगेच सांधल्या जातात. कोरड्या बियात सांधणारी यंत्रणाच झोपलेली असते. बी भिजलं की ती जागी होते आणि पेशी दुभंगण्याआधी जमेल तितकी डागडुजी करते. काम फार असलं तर काही राहून जातं. १९३३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी क्रेपिस या रानफुलाच्या जुन्या बियांतून आलेल्या रोपांत गुणसूत्रांचे दोष फार वाढलेले दाखवले. पुढे रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जव, वाटाणा, बाकला यांत पाहिलं, की ज्या साठ्याची उगवण घटलेली असते त्यातल्या वाचलेल्या बियांतही असे दोष जास्त असतात. मोठे दोष रोप वाढताना बहुधा मागे पडतात, कारण बिघडलेल्या पेशी निरोगी पेशींशी स्पर्धेत टिकत नाहीत. लपून राहणारे छोटे बदल मात्र पुढच्या पिढीत उतरू शकतात. म्हणून जनुकपेढ्या बी मरायची वाट पाहत नाहीत. उगवण मूळच्या ८५ टक्क्यांखाली गेली की नवं पीक घ्यायचं, असा दंडक आहे. थंडीनं हा बिघाड होत नाही; उलट थंडी तो लांबवते.

दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. गावठी वाण म्हणजे एकसारख्या रोपांची फौज नसते. त्यात लवकर येणारं, उशिरा येणारं, जाड सालीचं, पातळ सालीचं असं सगळं मिसळलेलं असतं. साठवणीत निम्मं बी मेलं, तर कोणतं निम्मं मेलं? सोडत काढल्यासारखं ते मरत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत एरिक रूस यांनी घेवड्याच्या अनेक जातींचं बी मिसळून साठवण आणि पुनर्लागवडीचे प्रयोग केले, तेव्हा टिकाऊ बियांच्या जातींचं प्रमाण वाढत गेलं आणि इतर मागे पडल्या. तिथे कुणी निवड केली नव्हती. कपाटानं केली होती. पुन्हा पेरतानाही हेच. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम आशियातल्या जवाच्या गावठी वाणांचे १०, ४० आणि ७२ वर्षं जनुकपेढीत राहिलेले नमुने तपासले. जितका जुना नमुना, तितकी आतली विविधता कमी. कारण दर वेळी बी वाढवताना मूठभर रोपांवर भागवलं गेलं होतं. नाव तेच, पाकीट तेच, आतला मेळा मात्र आटलेला.

आणि बी झोपलेलं असताना बाहेरचं जग झोपत नाही. याचा एक देखणा पुरावा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रानमोहरीचा आहे. स्टीव्हन फ्रँक्स आणि सहकाऱ्यांकडे १९९७ मध्ये गोळा केलेलं बी होतं. मध्यंतरी त्या भागात काही वर्षं दुष्काळ पडला. २००४ मध्ये त्यांनी त्याच जागांवरून पुन्हा बी आणलं. साठवणीचा परिणाम मध्ये येऊ नये म्हणून दोन्ही बियांची आधी एक पिढी एकाच ठिकाणी वाढवली आणि तिच्या बियांवर प्रयोग केला. दुष्काळ पाहिलेले वंशज पूर्वजांपेक्षा लवकर फुलले. एका जागचे १.९ दिवसांनी, दुसऱ्या जागचे ८.६ दिवसांनी. सात वर्षांत शेजारच्या रानातली मोहरी बदलली होती आणि पाकिटातली होती तिथेच होती. गोठवलेलं बी बदलत नाही हे त्याचं बलस्थान खरं, पण तीस वर्षांनी ते परत येईल तेव्हा त्याच्या ओळखीचा पाऊस तिथे असेलच असं नाही.

आजींना पत्र लिहायचं तर मी आता असं लिहीन: तुमचं बी चांगलं वाळलेलं असेल, भरपूर असेल आणि एका फळातलं नसून अनेक वेलांवरचं असेल, तर गोठवल्यानं चव जाणार नाही. चिमूटभर असेल तर चव जाऊ शकते. थंडी त्याला कारण नसेल, चिमूट असेल.

घरी करायचंच असेल तर माझ्या चुकीवरून थोडं सांगतो. काकडीवर्गातलं बी वाकवून पाहावं. वाकलं तर ओलं, कट्कन मोडलं तर वाळलेलं. पावसाळी हवेत ते सावलीत तेवढं वाळत नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत बियांच्या वजनाइतके सिलिका जेलचे दाणे घालून आठवडाभर ठेवावं. मग काचेच्या छोट्या बाटल्यांत भरावं. एकच मोठी बाटली भरली तर दर वेळी सगळंच बी बाहेर येतं. आणि फ्रीझरमधून काढलेली बाटली लगेच उघडू नये. रात्रभर तशीच बाहेर राहू द्यावी, नाहीतर थंड बियांवर हवेतलं दव बसतं आणि इतके दिवस राखलेला कोरडेपणा एका मिनिटात जातो.

तवशाचं म्हणाल तर ते मिळालं. आत्यानं खूप वर्षांपूर्वी राजापूरकडच्या एका नणंदेला बी दिलं होतं, आणि तिच्या सुनेनं ते दर वर्षी लावत ठेवलं होतं. गेल्या पावसाळ्यात त्यातलं थोडं आमच्या मांडवावर चढवलं. पहिलं फळ घेऊन आत्याकडे गेलो, धोंडस केलं. तिनं दोन घास खाल्ले, मग ताटलीतली कापलेली साल उचलून बोटांनी चाचपली. "गोडी तीच आहे," म्हणाली, "पण साल माझ्यापेक्षा जाड आहे हो."